डाग कोणता, सही कोणती?

मागच्या वर्षी घर आवरायला काढलं, तेव्हा आत्याबाईंच्या ट्रंकेत एका जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ सापडलं. अंक कधीच रद्दीत गेला असणार. मुखपृष्ठ तेवढं चौघडी करून, लुगड्याच्या घडीत ठेवलेलं. चित्रात एक बंजारा तरुणी पाठमोरी उभी राहून मान वळवून बघते आहे. सावळा रंग, पाठीवर कांचळीचे बंद, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. घडीची पांढरी रेघ, कडेला पिनांच्या गंजाचे दोन तांबूस ठिपके आणि उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही. सहीतली शेवटची अक्षरं घडीखाली घासून गेलेली.

भिंतीवर लावण्यासाठी एक मोठी प्रत काढावी म्हणून मी ते गावातल्या एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात नेलं. संगणकावरचा मुलगा तरबेज होता. ‘‘काका, एकदम चकाचक करून देतो न जी,’’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दिलंही. घडी गेली, गंज गेला. पण पोरीचा सावळा रंगही गेला. गाल साबणाच्या जाहिरातीसारखे गुळगुळीत झाले, डोळ्यांत कुठून तरी चमक आली आणि कोपरा कोरा झाला. सही कुठं गेली, असं विचारलं तर तो गोंधळला. ‘‘तो तर डाग होता न काका. काढून टाकला.’’

त्याच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता. जुनं चित्र नवं करणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि मलाही ते धड ठाऊक नव्हतं. डाग कशाला म्हणायचं आणि सही कशाला, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात घोळतो आहे. आता या चित्रांना बाजार आला आहे. जुनी मुखपृष्ठं, कॅलेंडरं, सिनेमाची पोस्टरं साफसूफ करून, मोठी छापून, फ्रेममध्ये घालून ‘आर्ट प्रिंट’ म्हणून विकली जातात. म्हणून हा प्रश्न माझ्या एकट्याच्या भिंतीपुरता उरलेला नाही.

आधी ही चित्रं काय होती ते बघू. अमेरिकेत अशा चित्रांना ‘पिन-अप’ म्हणत. मासिकातून फाडून किंवा कॅलेंडरवरून काढून भिंतीला पिनेनं टोचायचं बाईचं चित्र, असा त्याचा सरळ अर्थ. ‘एस्क्वायर’ मासिकात 1940 पासून अल्बर्टो व्हर्गास या पेरूमध्ये जन्मलेल्या चित्रकाराच्या तरुणी छापून येऊ लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या बराकींत पोहोचल्या. गिल एल्व्हग्रेननं ‘ब्राउन अँड बिगेलो’ या कॅलेंडर कंपनीसाठी वाऱ्यानं उडणारे झगे आणि दचकलेल्या चेहऱ्यांच्या पोरी तैलरंगात रंगवल्या. तेव्हा कॅलेंडर छापून झालं की मूळ कॅनव्हासला फारशी किंमत उरत नसे. आज त्यातला एखादा कॅनव्हास लिलावात एक लाख डॉलरच्या वर जातो.

मराठीत त्यासाठी शब्द नाही, कारण आपल्याकडे हा माल उघडपणे त्या नावानं कधी आला नाही. तो साहित्याच्या वेष्टनातून आला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचायला अंक ठेवायची चाल पडली. पुढे अंकांची गर्दी झाली तशी स्टॉलवर आपला अंक उठून दिसावा ही संपादकांची गरज झाली, आणि ती गरज भागवली मुखपृष्ठावरच्या बाईनं. मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल यांनी 1945 मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ सुरू केला. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर एकीकडे लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण रंगवत होते, दुसरीकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं करत होते. एकाच कुंचल्यातून निघालेली एक बाई देवघरात गेली आणि दुसरी पिस्तुलाच्या शेजारी उभी राहिली. मधुकर पाटकरांनी 1951 मध्ये ‘आवाज’ सुरू केला. त्यातली ‘खिडकी चित्रं’ म्हणजे या साऱ्या प्रकारावरची मराठी मल्लिनाथीच. पानाला पाडलेल्या खिडकीतून भलतंच काही दिसतं, वाचणारा इकडेतिकडे बघत पान उलटतो, आणि पलीकडे अगदी निरुपद्रवी दृश्य निघतं. चोरी पकडली जाते ती बघणाऱ्याच्या मनातली.

आपल्या यवतमाळात दिवाळी आणि कापसाची पहिली वेचणी जवळजवळ एकाच वेळी येते. वावरात वेचणीची पूजा, सीतादही, होते, घरात पणत्या लागतात आणि वाचनालयात दिवाळी अंकांची वर्गणी भरायची रांग लागते. घरोघरी अंक विकत घेणारे थोडेच. बाकीच्यांच्या हाती वाचनालयाचा अंक यायचा, तोही दहा हात फिरून, तेलकट बोटांचे ठसे आणि चिवड्याचा एखादा मोहरीचा दाणा घेऊन. वर्ष सरलं की अंक रद्दीत, आणि मुखपृष्ठ फाडून कुणाच्या तरी भिंतीवर. कटिंगच्या दुकानात आरशाच्या वर, पानठेल्याच्या फळीवर, शिंप्याच्या मशीनमागे. आमच्या आत्याबाई तर मुखपृष्ठांवरून ब्लाउजचे गळे आणि भरतकामाच्या वेली उतरवून घेत. त्यामुळे या बायकांकडे पुरुषच बघत होते, असं मला म्हणवत नाही. एकाच चित्राकडे काका एका कारणानं बघत होते आणि आत्याबाई दुसऱ्या.

आता मुद्द्यावर येतो. जुन्या चित्राचं पुनरुज्जीवन करणाऱ्या बहुतेकांच्या मनात असं असतं की छापलेल्या पानाच्या मागे कुठंतरी एक ‘खरं’ चित्र आहे. छापखान्यानं ते बिघडवलं, काळानं आणखी बिघडवलं, तर आपण हे दोन्ही थर खरवडून आतलं चित्र बाहेर काढू. मला वाटतं घोटाळा इथूनच सुरू होतो. मुखपृष्ठासाठी काढलेलं चित्र हे नवरीच्या मापानं बेतलेल्या पोलक्यासारखं असतं. ते छपाईच्या मापानंच बेतलेलं असतं.

तेव्हाची छपाई कशी चाले ते पाहिलं की हे पटेल. मूळ चित्राचे वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून फोटो घेत आणि मध्ये बारीक जाळीची काच धरत, म्हणजे सलग रंगाचे लहानमोठे ठिपके होत. त्या ठिपक्यांवरून धातूचे चार ब्लॉक तयार होत: पिवळा, लाल, निळा आणि काळा. चार ब्लॉक एकावर एक चार वेळा दाबले की कागदावर चित्र उमटे. चारही जाळ्या वेगवेगळ्या कोनांत ठेवाव्या लागत, नाहीतर ठिपक्यांवर ठिपके बसून नको त्या लाटा उठत. कागद एक केसभर सरकला तर ओठांची लाली ओठाबाहेर जाई. चित्रकाराला हे सगळं ठाऊक असे. ब्लॉकमध्ये फिक्या छटा उडून जातात म्हणून तो त्या आधीच गडद ठेवी, सावलीला काळ्याचा आधार देई, अंकाचं नाव बसावं म्हणून डोक्यावर आकाश मोकळं सोडी. त्या मोकळ्या आकाशात कविता शोधायचं कारण नाही, ती ‘मास्टहेड’ची जागा आहे. हजारो लोकांनी पाहिलं, जपलं, फाडलं ते हेच ठिपक्यांचं चित्र. मूळ कागदावरचं चित्र पाहिलं ते फक्त चित्रकारानं, संपादकानं आणि ब्लॉकमेकरनं.

राजा रविवर्म्यापासून ही गोष्ट अशीच आहे. त्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशरच्या मालकीचा झाला. तैलचित्रातला एकेक रंग वेगळा करून वेगवेगळ्या दगडांवर उतरवणारे कारागीर तिथं होते, आणि त्यांच्या हाताची छाप त्या प्रत्येक ओलिओग्राफवर आहे. घरी गेल्यावर बायकांनी त्याच लक्ष्मीला जर, टिकल्या आणि कापडाचं लुगडं चिकटवलं. आज संग्राहक अशा सजवलेल्या प्रती शोधत फिरतात. 1972 साली तो छापखाना आगीत सापडला. तरी चित्रं वाचली, कारण ती भिंतींवर होती. मूळ चित्र राजवाड्यात आणि त्याची पडछाया झोपडीत, असा हा मामला नव्हताच. झोपडीतली लक्ष्मी हे स्वतंत्र चित्र होतं आणि देशानं देवांचा चेहरा तिच्यावरून ठरवला.

‘आवाज’च्या खिडकीचं उदाहरण तर निर्णायक आहे. ते चित्र स्कॅन करा, साफ करा, उत्तम कागदावर छापा. हातात काय येईल? एक भोक पाडलेल्या पानाचा सपाट फोटो. विनोद पान उलटण्यात होता आणि पान उलटायची सोयच गेली. तिथं पुनर्निर्मिती करायची तर पुन्हा पानाला खिडकी पाडावी लागेल. चित्राचा प्राण त्याच्या वस्तुरूपात असतो, हे खिडकी चित्रात ढळढळीत दिसतं. मुखपृष्ठात ते लपलेलं असतं एवढाच फरक.

मग दुरुस्ती करायचीच नाही का? करायची, पण कशाची ते ठरवून. माझ्या मते जुन्या छापील चित्राला तीन जणांचे हात लागलेले असतात: काळाचा, छापखान्याचा आणि चित्रकाराचा. दुरुस्त करायचं ते काळानं केलेलं. छापखान्याचं आणि चित्रकाराचं काम, त्यातल्या चुकांसकट, जसंच्या तसं राहू द्यायचं.

काळ काय करतो याचा पुरावा आपल्या बाजारात जागोजागी टांगलेला आहे. पानठेल्यावरची देवी वर्षानुवर्षं उन्हाकडे तोंड करून बसलेली असते, आणि एके दिवशी लक्षात येतं की ती निळी पडली आहे. जुन्या शाईतला लाल आणि पिवळा उन्हात आधी उडतो, निळा आणि काळा तग धरून राहतात. यवतमाळचं मे महिन्यातलं ऊन तर कुणालाच सोडत नाही. आतल्या पानांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातला लिग्निन हवेनं आणि उजेडानं पिवळा पडतो, कागद आंबूस होऊन तुकडे पडतात. मुखपृष्ठाच्या आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा लेप असतो. एका पावसाळ्यात ओल लागली की दोन मुखपृष्ठं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना चेहराच निघून येतो. पिना गंजतात, वाळवी कोपरे खाते. हे सगळं नुकसान आहे आणि ते भरून काढण्याला माझी ना नाही. घडीची रेघ बुजवा, गंज काढा, उडालेला लाल परत आणा.

पण उडालेला लाल परत आणायचा तरी किती? हे एका प्रतीवरून कधीच कळत नाही. त्याच अंकाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत लुगडं डाळिंबी निघतं, दुसरीत विटकरी, कारण छपाईच्या दिवशी सकाळची शाई आणि संध्याकाळची शाई सारखी पडत नसे. म्हणून कपाटाच्या अंधारात राहिलेल्या तीन-चार प्रती मिळवायच्या, त्यांच्या कडेचा न छापलेला कागद किती पिवळा पडला ते बघायचं, आतल्या बाजूला दुमडलेली पट्टी उलगडून तिथला न उडालेला रंग मोजायचा, आणि मग हात लावायचा. हे काम संगणकावर तासाभरात होण्यासारखं नाही. त्याला पाय झिजवावे लागतात.

दुकानातल्या मुलानं केलं ते याच्या उलट. त्याच्या संगणकानं आधी ठिपके विरघळवले. ठिपक्यांच्या चित्राचा स्कॅन घेतला की लाटा उठतात, त्या घालवायला संगणक चित्र जरा पुसट करतो. पुसट झालं म्हणून मग धार वाढवतो. धार वाढली की चेहरा कोरडा होतो, म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेची कळ दाबतो. ती यंत्रणा आजवर पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांची सरासरी काढून हरवलेला तपशील ‘भरते’. भरते म्हणजे बनवते. जिथं चित्रकारानं दोन फटकाऱ्यांत भुवई सुचवली होती तिथं केस न् केस उगवतो. आणि त्या सरासरीत सावळी बाई फारशी नसावी, कारण माझी बंजारा पोर त्यातून गोरी होऊन आली. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. कुणाचीही सही नसलेलं ते एक नवं चित्र आहे, जुन्याचं नाव लावून उभं केलेलं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘‘तुम्ही ठिपके आणि शाई घेऊन बसलात, पण चित्र कशाचं आहे ते बघा. बायकांना शोभेची वस्तू करणारी ही चित्रं. गेली ते बरं झालं. ती कला म्हणून पुन्हा भिंतीवर का लावायची?’’ माझ्या एका मैत्रिणीनं हे विचारलं. ती बंजारा समाजातली, दिग्रसकडची. चित्र बघून तिनं पहिली चूक काढली ती पोशाखाची. ‘‘ही कांचळी आमची नाही, आणि फेटिया असा कोणी नेसत नाही. माझ्या याडीला, आईला, दाखवलं तर हसत सुटेल.’’ मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला लमाणी, कोळीण, आदिवासी मुलगी हे मुखपृष्ठाचे ‘विषय’ होते. चित्रकार धुरंधरांनी ओटो रोथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या 1920 च्या पुस्तकासाठी देशभरातल्या जातीजमातींच्या बायका रंगवल्या, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे. मुंबईला जी दूरची, रानातली, म्हणून थोडी मोकळी वाटायची, ती आमच्याकडे बाजारच्या दिवशी समोर बसून कांदे विकायची. पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या तांड्यांतल्या बाईला स्वतःचं असं चित्र दिवाळी अंकावर बघून काय वाटलं असेल, हे कुणी विचारलं नाही. चित्रकाराची सही निदान कोपऱ्यात होती. समोर उभ्या राहिलेल्या बाईचं नाव तर कुठंच नव्हतं.

मैत्रिणीचा आक्षेप मला मान्य आहे. फक्त त्यातून ती काढते तो निष्कर्ष मला काढता येत नाही. चित्र नष्ट झाल्यानं ती नजर नष्ट होत नाही, तिचा पुरावा तेवढा जातो. आणि चित्र गुळगुळीत करून ‘कालातीत सौंदर्य’ म्हणून लावलं तर ती नजर उलट आणखी निर्दोष ठरते. चुकीची कांचळी तशीच राहिली पाहिजे, आणि शेजारच्या पट्टीवर लिहिलं पाहिजे की ही चुकीची आहे. सावळा रंग राहिलाच पाहिजे. घडी बुजवून कांचळी सुधारणारा दुरुस्तीकार आणि घडी बुजवून रंग उजळणारा दुरुस्तीकार यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघंही काळाला आपल्या सोयीचा साक्षीदार करतात.

सभ्यतेची रेष कशी सरकते याचा धडा तर मराठी दिवाळी अंकानंच देशाला दिला आहे. ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची एक कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि उच्च न्यायालयात शिक्षा झाली. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि समाजाच्या कल्पना झपाट्यानं बदलत आहेत याची नोंद घेतली. आज ती कथा वाचली तर खटला कशावर भरला हे समजायला भिंग लागेल. उद्या आजच्या आपल्या भिंतींकडे बघून कुणाला काय वाटेल, सांगता येत नाही. म्हणूनच रेष त्या काळी कुठं होती याची खूण बुजवायची नाही.

आता सहीकडे. व्हर्गासनं ‘एस्क्वायर’साठी काढलेल्या पोरी ‘व्हर्गा गर्ल’ म्हणून गाजल्या. आडनावातला शेवटचा ‘स’ मासिकानं उडवला होता. पुढे दोघांचं बिनसलं, तेव्हा मासिकानं त्याचं उरलेलं नावही काढून टाकलं आणि चित्रं तशीच छापली. तो कोर्टात गेला. 1947 मध्ये अमेरिकन न्यायालयानं सांगितलं की करारानं सारे हक्क मासिकाला दिले आहेत, नाव छापलंच पाहिजे असं बंधन नाही. माणूस हरला, चित्र जिंकलं.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा इथं अधिक माणुसकीचा आहे. त्याच्या कलम 57 प्रमाणे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी केलं’ असं म्हणायचा आणि कृतीची मोडतोड करून आपल्या नावाला बट्टा लावणाऱ्याला रोखायचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. त्याच्यामागे तो वारसांना चालवता येतो. सही डाग समजून पुसणं हे त्यामुळे नुसतं अडाणीपण राहत नाही. आणि ‘जुनं आहे, आता फुकट आहे’ हा बाजारातला समज तर सपशेल चूक. आपल्याकडे मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची. धुरंधर 1944 मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी झाली आहेत. दलाल 1971 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर 2031 सालाच्या अखेरपर्यंत हक्क आहे. मुळगावकर 1976 मध्ये गेले, त्यांच्यासाठी 2036 संपेपर्यंत थांबावं लागेल. तो हक्क कुटुंबाकडे आहे की त्या वेळी पैसे मोजून चित्र करवून घेणाऱ्या प्रकाशकाकडे, हे प्रत्येक चित्रामागे वेगळं निघू शकतं. पण कुणाकडे तरी आहे. दुकानदाराकडे नक्कीच नाही.

पुसूनबिसून मोठ्या केलेल्या प्रतीवर दुरुस्ती करणाऱ्याला नवा हक्क मिळतो का? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये कायद्याच्या एका प्रकाशन संस्थेच्या दाव्यात तत्त्व सांगितलं की नुसत्या श्रमावर स्वामित्व मिळत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते. आता दुरुस्तीकाराची कोंडी बघा. तो प्रामाणिक असेल तर त्यानं स्वतःचं काहीच घातलेलं नसतं, म्हणून हक्क नाही. हक्क सांगायचा तर कबूल करावं लागेल की मी चित्र बदललं. मला ही कोंडी योग्य वाटते. या धंद्यात मोल मेहनतीचं मिळावं, मालकीचं मिळू नये.

‘आर्ट प्रिंट’ या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. मूळ अंक हजारोंनी छापला गेला होता आणि चार-दोन रुपयांत मिळत होता. त्याच्याच चित्राची ‘मर्यादित प्रत, पन्नासपैकी सातवी’ करून विकणं म्हणजे ज्याचा जन्मच मुबलकतेत झाला त्याला दुर्मिळतेचं सोंग देणं आहे. टिकाऊ प्रतीला पैसे पडतात हे खरं. चांगला कागद शंभर टक्के कापसाचा, आम्ल नसलेला असतो. जर्मनीतली हानेम्यूले ही 1584 पासूनची कंपनी तो बनवते आणि तो इथं महाग पडतो. यातली गंमत आमच्या जिल्ह्याला कळेल. वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगमधून रुई निघून गेल्यावर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, ते लिंटर अशा कागदाला चालतं. पुण्याच्या हातकागद संस्थेत 1940 पासून चिंध्या आणि कापसापासून कागद होतो. जिथं कापूस पिकतो तिथल्या दिवाळीची चित्रं कापसाच्या कागदावर, बेताच्या किमतीत छापता आली पाहिजेत. पाठीमागे छापावं: मूळ अंक कोणता, साल कोणतं, चित्रकार कोण, छापखाना कोणता, किती प्रती पाहून रंग ठरवला आणि काय काय बदललं. हा मजकूर जिथं नाही त्या प्रतीला मी आर्ट प्रिंट म्हणणार नाही.

कुणी म्हणेल, भिंतीला एक छानसं चित्र हवं असणाऱ्याला एवढं सगळं कशाला? त्याला गुळगुळीत गोरी बाई आवडली तर आवडू द्या की. जरूर आवडू द्या. माझी हरकत त्याच्या आवडीला नाही, त्याला दिलेल्या पावतीला आहे. नवं चित्र नवं म्हणून विका. जुन्याच्या नावावर विकाल तर तो हिशेब कुणीतरी तपासणारच.

यवतमाळनं 1973 मध्ये गदिमांच्या आणि 2019 मध्ये अरुणा ढेऱ्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलनं भरवली. शब्दांचा मान राखायची या गावाला सवय आहे, तो मोडला की भांडायचीही. चित्रांच्या बाबतीत मात्र आपण अजून रद्दीवाल्याच्या वजनकाट्यावर आहोत. जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयांत बांधणी केलेले दिवाळी अंक पडून आहेत. बांधणी करताना बहुतेक ठिकाणी मुखपृष्ठं काढून टाकली गेली, कारण जाड पुठ्ठा आल्यावर त्यांचं काम संपलं असं समजलं गेलं. जिथं ती राहिली आहेत तिथं ती सर्वांत सुरक्षित आहेत, कारण दोन पुठ्ठ्यांमध्ये अंधार असतो आणि रंग अंधारात जगतो. त्यांची यादी व्हावी, मागच्या जाहिरातींसकट पूर्ण पानाचे स्कॅन व्हावेत, आणि पुढच्या वेळी माळा साफ करताना आधी वर एकदा बघून यावं. याला मोठ्या अनुदानाची गरज नाही. एक स्कॅनर, एक वही आणि दोन सुट्ट्या पुरतात.

मी त्या मुलाकडे परत गेलो होतो. या वेळी मूळ कागद जास्तीत जास्त बारकाईनं स्कॅन करून मागितला, काहीही साफ न करता. सही वाचता येते का ते बघायचं होतं. त्यानं पडद्यावर कोपरा मोठा केला, आणखी मोठा केला. अक्षर जवळ येता येता फुटलं आणि त्याचे लाल, निळे, काळे ठिपके झाले. घडीखालची अक्षरं तर गेलीच होती, तिथं नुसता कागदाचा दोरा दिसत होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘काका, याची दुसरी प्रत भेटली तर जमेल.’’

तीच मी शोधतो आहे. साठच्या दशकातला असावा असा दिवाळी अंक, मुखपृष्ठावर पाठमोरी बंजारा मुलगी, उजव्या कोपऱ्यात सही. कुणाच्या ट्रंकेत, माळ्यावर, वाचनालयाच्या बांधणीत असेल तर पुसूनबिसून घेऊ नका. आहे तशी राहू द्या, मी बघायला येतो.